ईव्ही१ खरंच कोणी घेत नव्हतं म्हणून बंद पडली का?

रानवारा:
काल 'हू किल्ड द इलेक्ट्रिक कार?' बघितली, ख्रिस पेनची २००६ सालची डॉक्युमेंटरी. डोकं फिरलंय. जनरल मोटर्सने १९९६ पासून ईव्ही१ नावाच्या १,११७ इलेक्ट्रिक गाड्या काढल्या, मुख्यतः कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनात, त्याही फक्त लीजवर, म्हणजे ठराविक मुदतीच्या भाड्याने. लीज संपली की परत घेतल्या आणि बहुतेक चक्क चुरडून टाकल्या. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बरबँकला शेवटच्या ७८ गाड्या कंपनीच्या आवारात उभ्या होत्या, बाहेर लोक दिवसरात्र बसून पहारा देत होते, सगळ्या मिळून १९ लाख डॉलर मोजायला तयार होते, तरी ट्रकवर चढवून नेल्याच. आणि वर कंपनीने म्हणायचं मागणी नव्हती! विकायलाच काढली नाही तर मागणी कळणार कशी? माझं मत स्पष्ट आहे, गाडी मेली नाही, मारली.

चक्रधर:
फिल्म चांगली आहे, पण गाडी कोणी मारली याच्या शेवटच्या निकालात बाकी सगळे दोषी आणि बॅटरी तेवढी निर्दोष, हे मला अजिबात पटलं नाही. मी वीस वर्षं बॅटरीच्याच धंद्यात आहे. पहिल्या मॉडेलला लेड-ॲसिडच्या २६ बॅटऱ्या होत्या, वजन ५३० किलोच्या आसपास, आणि अख्खी गाडी साधारण १,३५० किलोची. एवढं ओझं वाहून बसणार किती, तर दोन माणसं. घरात दोन पोरं असलेल्याने काय करायचं? लेड-ॲसिड रोज खाली करून रोज भरली की प्लेटी लवकर जातात, हे मी रोज बघतो.

रानवारा:
अहो पण १९९९ च्या मॉडेलला निकेल मेटल हायड्राइड या वेगळ्या बॅटरीचा पर्याय आला ना, एका चार्जिंगमधली रेंज शंभर मैलांच्या वर गेली. गाडी सुधारत असतानाच बंद केली, राग त्याचाच आहे.

पासाडेनाकर:
मी तेव्हा इकडे कॅलिफोर्नियातच होतो, आमच्या ऑफिसातल्या एकाकडे ही गाडी होती. चार्जर म्हणजे प्लास्टिकचं चपटं वल्हं, गाडीच्या नाकातल्या खाचेत सरकवायचं, उघडी तार नाही की काही नाही, भर पावसात लावायचा तो. परत द्यायच्या दिवशी सकाळी त्याने गाडी स्वतः धुतली, सीटखालचा कचरासुद्धा काढला, आणि किल्ली देऊन आल्यावर दुपारभर कोणाशी बोलला नाही. आता तारखा बघा. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या एअर बोर्डाने, म्हणजे हवा प्रदूषणावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी मंडळाने, नियम केला की मोठ्या कंपन्यांनी तिथे विकलेल्या नव्या गाड्यांपैकी १९९८ पर्यंत २ टक्के आणि २००३ पर्यंत १० टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या हव्यात. कंपन्या कोर्टात गेल्या, २००२ मध्ये वॉशिंग्टनचं केंद्र सरकारही त्यांच्या बाजूने उभं राहिलं, २००३ मध्ये बोर्डाने नियम ढिला केला आणि त्याच सुमाराला गाड्या परत घ्यायला जोर आला. याला योगायोग म्हणणार का?

चक्रधर:
योगायोग नाही म्हणत. पण कायद्याचा रेटा गेल्यावर लगेच बंद होते ती गाडी तोट्यातच असणार ना? शिवाय हजारभर गाड्यांसाठी वर्षानुवर्षं पार्ट कोण बनवत बसेल? चुरडायला नको होत्या, हे मात्र शंभर टक्के मान्य.

पासाडेनाकर:
पार्टचं कारण मला नाही पटत. टोयोटाने रॅव्ह४ची इलेक्ट्रिक गाडी २००२ मध्ये थोड्या गिऱ्हाइकांना विकली, तीनशेच्या वर, आणि त्यातल्या कित्येक लाख-लाख मैल पळाल्या. त्यांना जमलं.

रानवारा:
आणि खुद्द जीएमचा, म्हणजे जनरल मोटर्सचा, तेव्हाचा प्रमुख रिक वॅगनर यानेच २००६ मध्ये कबूल केलं की ईव्ही१ बंद करणं हा आपला सगळ्यात वाईट निर्णय होता.

चक्रधर:
त्याचं पुढचं वाक्यही सांगा की. नफ्यावर परिणाम झाला नाही, प्रतिमेवर झाला, असं म्हणाला तो. मी तरी दुसरं काय म्हणतोय?