कारवान, मुलं, आजी-आजोबा आणि ब्रूमपर्यंतचा किनारा : तुमचे अनुभव लिहा

खारावारा

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधून कोणी मराठी घर कारवान (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) जोडून वर उत्तरेला ब्रूमकडे निघालं की आमच्या ग्रुपवर तेच प्रश्न परत परत येतात, मुलं कंटाळतील का, आई-बाबांना झेपेल का, पाण्यात उतरता येतं का, दोन आठवडे पुरतील का. उत्तरं देणारे पण दर वेळी वेगळे, मग कोणाचं तरी चांगलं काहीतरी हरवून जातं. म्हणून म्हटलं एका जागी लिहूया. जे स्वतः गेलेत त्यांनीच लिहा, सोबत कोण होतं ते सांगा, आणि मोठं लिहिलंत तरी चालेल, वाचणारे आहेत.

मीच सुरुवात करते. आम्ही दोघं, दोन मुलं (एक तिसरीत, एक नुकती शाळेत जायला लागलेली) आणि रत्नागिरीहून आलेले सासू-सासरे. बाबांचं सगळं आयुष्य भाट्याच्या खाडीकाठी गेलेलं, त्यामुळे समुद्र त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, आणि खरं सांगते आमची ट्रिप जी झाली ती त्यांच्यामुळे झाली.

पर्थ ते ब्रूम सरळ रस्त्याने साधारण २२०० किमी आहे. शाळेच्या जुलैच्या दोन आठवड्यांच्या सुट्टीत कारवान ओढत जाऊन परत यायचं म्हणजे मुलांना फक्त गाडीची काच दिसणार. आम्ही शाळेला आधी कळवून सुट्टी वाढवून घेतली आणि जाताना किनाऱ्याने कार्नार्वन, कोरल बे करत गेलो. कोरल बेला निंगालू रीफ (प्रवाळाची रांग) किनाऱ्याच्या इतकी जवळ आहे की पाच वर्षांच्या मुलीला गुडघाभर पाण्यात मासे दिसले, बोट लागली नाही, वेगळे पैसे लागले नाहीत. पण मला लिहायचंय ते त्याच्या पुढच्या भागाबद्दल, पोर्ट हेडलंड ते ब्रूम, सहाशे किमीच्या वर, जिथे लोक "काहीच नाही" म्हणून एका दमात गाडी हाणतात.

त्या "काहीच नाही" मध्ये एटी माइल बीच आहे. नाव ऐंशी मैलांचं, किनारा प्रत्यक्षात २२० किमीच्या आसपास. हायवे सोडून साधारण दहा किमी कच्चा रस्ता, मग कारवान पार्क, मग वाळूची टेकडी आणि पलीकडे एकदम सगळं उघडं. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की मुलगा विचारत होता समुद्र कुठे गेला. इथे पोहायचं नाही, शार्क आहेत, समुद्री साप आहेत, मगरीचीही शक्यता असते, पण वाळूत दिवस कसा जातो कळत नाही, शंख-शिंपले इतके की सासूबाई चालता चालता थांबायच्या आणि पोरांना एकेकाची रचना दाखवायच्या. सायबेरियापासून उडत येणारे पाणपक्षी या किनाऱ्यावर उतरतात, १९९० पासून ही रामसर यादीतली (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) जागा आहे. आम्ही गेलो तेव्हा हिवाळा, बहुतेक पक्षी उत्तरेत अंडी घालायला गेलेले, तरी न गेलेल्या, लहान वयाच्या पक्ष्यांचे थवे होते.

आणि रावस! शेजारच्या कारवानमधल्या आजोबांनी संध्याकाळच्या भरतीला गळ टाकला आणि त्यांना ब्लू थ्रेडफिन लागला. बाबा जवळ गेले, माशाच्या गालाखालचे धागे बघितले आणि म्हणाले हा तर आपला रावस. खरंच तीच जात आहे, नंतर नाव शोधून पाहिलं. त्या आजोबांनी अर्धा मासा देऊन टाकला, सासूबाईंनी हळद-मीठ-आगळ लावून तव्यावर केला, आणि त्या आजोबांना परत नेऊन दिला, मग पुढे जितकं राहिलो तितकं दोन्ही घरांचं जेवण एकत्रच. किनाऱ्यावरून गळाने मासेमारी करायला इथे लायसन लागत नाही, पण किती मासे आणि केवढ्या आकाराचे याचे नियम कडक आहेत ते बघून घ्या.

ब्रूमबद्दल एकच सांगते. टाउन बीचवर पौर्णिमेच्या आसपास रोबक बेच्या उघड्या पडलेल्या चिखलावर चंद्र उगवतो आणि पाण्याच्या पट्ट्यांवर उजेडाच्या पायऱ्या दिसतात, मार्च ते ऑक्टोबर, महिन्यातून दोन-तीन रात्री. बाबांनी तारखा बघितल्याच नव्हत्या. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ काढतात, पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास आणि तेव्हाच चंद्र वर येणार. त्यांनी कालनिर्णय बघून सांगितलं आणि तिथल्या छापील तक्त्याशी ते जवळपास जुळलं. फरक उंचीचा, रत्नागिरीत उधाणाला पाणी तीनएक मीटर चढतं, ब्रूमला दहा मीटरपर्यंत जातं. बाबा त्या संध्याकाळी बराच वेळ काही बोलले नाहीत.

चाकधरा

छान लिहिलंय ताई. मी गाडीच्या बाजूचं लिहितो कारण त्यावर कोणी बोलत नाही आणि सगळा जीव तिथे अडकलेला असतो.

कारवान विकत किंवा भाड्याने घेताना सगळे आतली सजावट बघतात, तुम्ही आधी वजनं लिहिलेली प्लेट बघा. रिकाम्या कारवानचं वजन आणि भरल्यावर जास्तीत जास्त किती चालतं यातला फरक म्हणजे तुमचं सामान, आणि त्यात पाणीही धरायचं, १६० लिटरच्या टाक्या भरल्या की १६० किलो गेले. सहा माणसांचे कपडे, तांदूळ-डाळी, गॅसच्या बाटल्या, सायकली, ऑनिंगचा तंबू, ती मर्यादा बघता बघता संपते. निघायच्या आधी सगळं भरून, माणसं बसवून सार्वजनिक वजनकाट्यावर जाऊन या. गाडीच्या हुकवर साधारण दहा टक्के वजन यायला पाहिजे, मागे जड झालं की साठ-सत्तरच्या पुढे कारवान डोलायला लागते आणि तेव्हा घाबरून स्टीअरिंग फिरवणं सगळ्यात धोक्याचं.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ओढताना १०० च्या वर जायचं नाही, बोर्डावर ११० लिहिलं असलं तरी. आम्ही ९० ने जायचो. रोड ट्रेन (मागे एकाला एक ट्रेलर जोडलेले ट्रक) ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात, मागून आली की यूएचएफ रेडिओवर (वॉकीटॉकीसारखा गाडीतला रेडिओ) ४० नंबरच्या चॅनलवर ड्रायव्हरशी बोला, मी म्हणायचो "तुमच्या पुढच्या पांढऱ्या कारवानमध्ये मी आहे, रस्ता मोकळा आहे, या", ते लोक फार सज्जनपणे आभार मानतात. तो ओव्हरटेक करत असताना आपण स्पीड धरून सरळ राहायचं, तो अर्धा पुढे गेला की जरा ॲक्सिलरेटर सोडायचा. आणि सूर्य कलल्यावर रस्त्यावर राहू नका, कांगारू तर आहेतच पण इथे कुंपण नसलेल्या गायी जास्त, अंधारात काळी गाय दिसतच नाही.

पोर्ट हेडलंड-ब्रूमच्या मधल्या सँडफायर रोडहाउसला टाकी भरा म्हणजे भराच, पुढे रोबक रोडहाउसपर्यंत जवळजवळ २९० किमी पंप नाही, आणि समोरून वारा असला की कारवान ओढताना डिझेल दीडपट जातं.

भाजणीवाली

खाण्याचं मी लिहिते. थालीपिठाची भाजणी, कुळथाचं पीठ, मेतकूट, भाजलेला रवा आणि आगळाची बाटली, इतक्यावर लांबची ट्रिप निघते. लहान कुकर हवाच, मुगाच्या डाळीची खिचडी एका गॅसवर होते आणि पाणी कमी लागतं, भांडी पण कमी. तळण कारवानच्या आत करूच नका, वास गाद्यांमध्ये राहतो, आम्ही बाहेरच्या स्टोव्हवरच करायचो.

डार्विनच्या बाजूने येणाऱ्यांसाठी महत्त्वाचं : कुनुनुराजवळ वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर तपासणी आहे आणि तिथे ताजी फळं, बऱ्याच भाज्या, मध, रोपं, बिया हे सगळं काढून घेतात. आमच्या बहिणीच्या घरून आणलेलं कढीपत्त्याचं छोटं रोप आम्ही डार्विनलाच मैत्रिणीकडे ठेवून आलो, भाज्या आदल्या रात्री शिजवून फ्रीजमध्ये टाकल्या. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं बघितलं, मुलांना फळमाशीचं चित्र दाखवलं, या माशीमुळे बागांचं काय होतं ते सांगितलं. मुलं अजून ते सांगतात.

आणि बॅरामंडी म्हणजे अलिबागकडचा जिताडा, हे कळल्यापासून आमच्याकडे तो पर्थमध्येही आगरी मसाल्यातच होतो.

रानपाखरू

ब्रूमच्या वर डॅम्पियर पेनिन्सुला (द्वीपकल्प) आहे त्याबद्दल कोणी लिहिलं नाही. आम्ही दोघी बहिणी, आमचे नवरे, तीन मुलं, दोन गाड्या, एक ऑफ-रोड कारवान आणि एक कँपर ट्रेलर.

आधी तिथला रस्ता लाल मातीचा आणि भयंकर खराब होता, २०२० च्या शेवटी डांबरी झाला, त्यामुळे आता ब्रूमपासून टोकाच्या अर्डियालून गावापर्यंतचे साधारण २०० किमी आरामात होतात. पण मुख्य रस्ता डांबरी म्हणजे सगळं डांबरी असं नाही, कँपकडे उतरणारे फाटे वाळूचे आहेत, तिथे टायरमधली हवा कमी करावी लागते, साधी कारवान तिथे नेऊ नका, ब्रूमला ठेवा आणि तंबू घेऊन जा.

ही जमीन बार्डी जावी, न्युल न्युल आणि तिथल्या इतर मूळ लोकांची आहे आणि राहण्याच्या बहुतेक जागा त्यांच्याच कुटुंबांच्या. आधी फोन करून जागा घ्यायची, प्रवेशाचे पैसे द्यायचे, बंद लिहिलंय तिथे जायचं नाही, कोणाच्या घराचे फोटो काढायचे नाहीत. मला हे फार मनापासून सांगायचंय कारण काही लोक गेट उघडं दिसलं की गाडी घालतात. आम्ही जिथे उतरलो तिथल्या मावशींनी संध्याकाळी मुलांना खाजणात नेलं, तिवरांच्या मुळांवरची कालवं कशी काढायची, खेकडा कुठल्या बिळात असतो, पाणी कधी फिरणार, सगळं दाखवलं. त्या सांगेपर्यंत कोणीही पाण्याच्या कडेला उभं राहायचं नाही असा नियम होता कारण खाडीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. माझ्या भाच्याला कुठल्याही क्लासमध्ये इतकं लक्ष देऊन ऐकताना मी पाहिलेलं नाही.

बीगल बेला चर्च आहे, १९१८ साली पूर्ण झालेलं. जर्मन धर्मगुरू आणि तिथल्या मूळ लोकांनी मिळून बांधलं, आतली वेदी मोत्याच्या शिंपल्यांनी मढवलेली. बघताना डोळे दिपतात. पण तिथल्याच ख्रिस्ती मिशनमध्ये आईबापांपासून तोडून आणलेली मूळ लोकांची मुलं वाढली हेही मोठ्या मुलीला सांगितलं. ती बाहेर येऊन बराच वेळ प्रश्न विचारत राहिली आणि आम्ही जमतील तशी उत्तरं दिली, ट्रिपमध्ये अशा गोष्टी टाळाव्यात असं मला वाटत नाही.

ब्रूमचं जपानी कब्रस्तान पण बघा, ९०० च्या वर माणसं तिथे पुरलेली आहेत, बहुतेक मोत्यांच्या शिंपल्यांसाठी खोल बुड्या मारणारे, कोणी बुडीच्या आजाराने गेले कोणी वादळात. त्यांच्याही आधी तिथल्या मूळ लोकांना, गरोदर बायकांनासुद्धा, जबरदस्तीने पाण्यात उतरवलं गेलं. शर्टाची बटणं बनवायला!! दुकानात मोती बघायच्या आधी हे माहीत असावं.

लाटांचीआई

फक्त पाण्याबद्दल. नोव्हेंबर ते मे जेलीफिशचा मोसम, बॉक्स जेलीफिश आणि इरुकांजी. इरुकांजी नखाएवढी असते, दिसत नाही, डंख सुरुवातीला साधा वाटतो आणि अर्ध्या तासात पाठ-पोट प्रचंड दुखायला लागतं. व्हिनेगर ओता आणि ००० ला (इथला आणीबाणीचा नंबर) फोन. आम्ही जूनमध्ये गेलो तरी मुलांना पूर्ण अंगाचे सूट घातले आणि ब्रूमच्या केबल बीचवर जिथे जीवरक्षक असतात तिथेच पोहलो. मगर दिसली की तो बीच बंद करतात, तेव्हा मुलं रडली तरी चालेल. केबल बीचवर गाड्या नेता येतात त्या भागात ओहोटीला लांब जाऊन बसणारे पाहिले, भरती तिथे चालत येत नाही, धावत येते.

उत्तरेचीवाट

आम्ही क्वीन्सलंडवाले, थोडं आमच्याकडचं. केर्न्सवरून कुकटाउनला कारवान न्यायची तर मरीबावरून मलिगन हायवेने जा, पूर्ण डांबरी आहे. नकाशावर किनाऱ्याचा ब्लूमफील्ड ट्रॅक जवळचा दिसतो पण चढ-उतार आणि नदीपात्रं असलेला तो रस्ता कारवानचा नाहीच. डेंट्रीचं जंगल बघायचं तर कारवान पार्कात सोडून नुसती गाडी फेरीबोटीवर घाला. कुकटाउनला १७७० मध्ये कॅप्टन जेम्स कुकचं फुटलेलं जहाज दुरुस्त केलं गेलं, तिथे कासवांवरून खलाशांचं तिथल्या मूळ गुगू यिमिथिर लोकांशी भांडण झालं आणि एका वृद्धाने टोक मोडलेला भाला पुढे करून ते मिटवलं. नदीकाठी उभं राहून हे मुलांना सांगितलं, त्यांना कुकपेक्षा तो म्हातारा लक्षात राहिला.

मुठाकाठ

आम्ही पुण्याहून मुलाकडे पर्थला येतोय, मला सत्तरी ओलांडलीये, इन्शुलिन चालू आहे, गुडघे ठीकठाक. मुलगा म्हणतो चला ब्रूमला. जावं का?

खारावारा

काका, जावं, पण मुलाला चार गोष्टी सांगा. आतच टॉयलेट असलेली कारवान घ्या, रात्री कँपच्या टॉयलेटपर्यंत अंधारात चालणं नको. इन्शुलिन कारवानच्या फ्रीजच्या भरवशावर ठेवू नका, चालत्या गाडीत तो कमी-जास्त होतो, गाडीत तुमच्या पायाशी वेगळा छोटा कूलर आणि आत थर्मामीटर ठेवा, आणि बर्फाला थेट चिकटू देऊ नका. औषधं दुप्पट घ्या, चिठ्ठी इंग्रजीत. मोठी हॉस्पिटलं कराथा, पोर्ट हेडलंड, ब्रूमला आहेत, मधल्या पट्ट्यात बराच वेळ फोनला रेंज नसते, म्हणून सॅटेलाइटवरून मदत मागता येईल असं उपकरण भाड्याने घ्या. प्रवासाचा विमा आधीच्या आजारासकट करा. एका दिवसात तीनशे-साडेतीनशे किमीच्या वर नको, मध्ये मध्ये पूर्ण दिवस थांबा. आणि जाताना पूर्ण अंतर गाडीने करून परत येताना तुम्ही दोघं ब्रूमहून पर्थला विमानाने या, आमच्या सासू-सासऱ्यांनी तसंच केलं. जून-जुलैच्या जागा फार आधी भरतात, आधी पौर्णिमा बघा, मग टाउन बीचजवळची जागा बुक करा, बाकीचं त्याच्या मागे-पुढे बसवा.