आजीचा आवाज, दुप्पट वेगात

एकांनी लिहिलंय की मोबाइलमुळे घरातली माणसं एकमेकांना परकी झाली. आमच्याकडंही जेवताना चार ताटं नि चार मोबाइल असतात, ते नाकारत नाही. पण सीमाभागातली एक गोष्ट यात राहून जातेय.

आमचं गाव कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. भाचा कन्नड माध्यमात शिकला, आता बेंगळूरला नोकरीला. घरात मराठी फाडफाड बोलतो, पण देवनागरी वाचायची म्हटली की अडखळतो. आजीला कन्नड अक्षर येत नाही. म्हणजे पत्राचा जमाना असता तर या दोघांमध्ये तिसरा माणूस लागला असता, वाचून दाखवायला. २०१३ साली व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप आले आणि तो तिसरा माणूस गेला. आजी अंगठा दाबून धरते, मोबाइल शंख फुंकल्यासारखा तोंडाजवळ धरते आणि सुरू होते, "जेवलास काय रे? हिकडं पाऊस लय लागलाय, रोप लावणी अडून ऱ्हायल्या..." मध्येच अंगठा सुटतो. मग पुन्हा पहिल्यापासून, "जेवलास काय रे?"

गेल्या गणपतीला कळलं की भाचा हे सगळं दुप्पट वेगात ऐकतो. मला राग आला. (मी स्वतः ऑफिसच्या ग्रुपवर तेच करतो, तो भाग वेगळा.) आजीला अजून सांगितलेलं नाही. ती मात्र त्याचा तीन सेकंदांचा "हो गं, जेवलो" दिवसातून चारदा लावते, शेजारणीलाही ऐकवते.