मुलीला इतिहास घेऊ द्या

अकरावीला आर्ट्स घेऊन इतिहास ठेवायचा म्हणताच ‘दोन वर्षं सनावळ्या पाठ करण्यात घालवणार का?’ असं सगळे तुमच्या मुलीला विचारताहेत, हे वाचून वाईट वाटलं. माझ्याही घरी हेच झालं होतं. तरी मी घेतला, आणि नागपुरात राहून शिकले हे फार बरं झालं.

वर्गात तैनाती फौज, म्हणजे राजाने आपल्या खर्चाने राज्यात इंग्रजांची फौज ठेवून घ्यायचा करार, माझ्यासाठी नुसती अटींची यादी होती. मग २६ जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला बघायला खुला असतो, तेव्हा वर गेले. खाली बर्डीची गर्दी, चहूकडे शहर. १८१६ मध्ये तैनाती फौजेचा तह करणाऱ्या नागपूरकर अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य पुढच्याच वर्षी, नोव्हेंबरात, या टेकडीवरच्या इंग्रज फौजेशी लढलं आणि हरलं. ही उंची हातात असणं म्हणजे काय, ते तिथे उभं राहिल्यावर दोन मिनिटांत कळतं. १८५३ मध्ये नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले वारस न ठेवता गेले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं, हे मग पाठ करावंच लागलं नाही. असहकाराचा ठराव पक्का झाला ते काँग्रेसचं १९२० चं अधिवेशन, १९२३ चा झेंडा सत्याग्रह, १९५६ ची दीक्षाभूमी, सगळं आपल्याच गावात घडलेलं.

परीक्षेत ‘सकारण स्पष्ट करा’ आलं की पाठांतर तसंही पुरत नाही. कारणं समजलेली लागतात. प्रवेशाआधी तिला एकदा अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, नेऊन आणा, आणि घाई करू नका.