हॉलला बदामी की राखाडी-निळा? सोमवारी रंगारी येतोय

अबोली_ठाणे:
दुसरा मजला. हॉलला एकच खिडकी, तीही उत्तरेला. रस्त्यापलीकडे दुसरी इमारत. ऊन आत येतच नाही. नवऱ्याला शेडकार्डातला फिका राखाडी-निळा हवाय, सासूबाईंना बदामी. एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी उष्ण-शीत रंगसंगती घोटली होती, पण तेव्हा कागद फाडून नवा घेता यायचा. फरशी क्रीम, ट्यूब पांढरीशुभ्र, ६५०० केल्विनची (हा आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर; लहान तितका पिवळसर). काय करू?

खडूफळा:
उत्तरेचा उजेड मुळातच निळसर. त्यावर निळा राखाडी आणि ती ट्यूब, म्हणजे दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटेल. सासूबाईंचं ऐका.

नाशिकची_ओसरी:
इतकं सरळ नसतं हो. आमच्याकडे असाच राखाडी होता. २७०० केल्विनचे पिवळे दिवे लावले आणि रात्री भिंतीला शेवाळ धरल्यासारखं दिसायला लागलं. आधी दोन्ही शेडचे छोटे डबे आणा. भिंतीवर पट्टे मारू नका, शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो. दोन बाय दोन फुटी पुठ्ठ्यांवर प्रायमर, मग रंगाचे दोन हात, पूर्ण वाळू द्या आणि फरशीला टेकवून उभे करा. सकाळी, दुपारी, ट्यूब लावल्यावर बघा. चारही भिंती एकमेकींवर रंग टाकतात, म्हणून खोलीत शेड कार्डापेक्षा गडद वाटते. कार्डावर एक घर फिकी घ्या.

भाडेकरू_कायमचा:
आमच्या मालकांनी सगळीकडे पिस्ता मारलाय. वादच नाही.

अबोली_ठाणे:
पुठ्ठे केले! समोरची इमारत विटकरी आहे, हे मी सांगायलाच विसरले. भर दुपारी तिच्यावर ऊन पडलं की तोच तांबूस उजेड आमच्या हॉलमध्ये. तेव्हा राखाडी छान दिसतो आणि बदामीची आंबाबर्फी होते. पण दुपारी हॉलमध्ये असतं कोण? संध्याकाळी सातनंतर सगळे जमतो, तेव्हा राखाडी अगदी मेल्यासारखा. म्हणून हॉलला बदामीच, एक घर फिका, आणि ट्यूब ४००० केल्विनची. राखाडी-निळा पश्चिमेच्या बेडरूमला. तिथे चारनंतर भिंती तापतात, नवराही खूश. सासूबाई काय म्हणाल्या ते लिहीत नाही.

आता छताला पांढरा कुठला? कार्डात अकरा पांढरे आहेत.