अर्पणाचे आकडे पुलपिटावरून वाचणं बंद करावं का?

मोहरीचा दाणा

सर्वांना सलाम. नागपुरातल्या काही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) कापणीच्या सणाला, नाहीतर नाताळाआधीच्या उपकारस्तुतीच्या रविवारी, अर्पणाची, म्हणजे चर्चला दिलेल्या पैशांची, यादी पुलपिटावरून (उपदेशाच्या मंचावरून) वाचतात. आधी नाव, मग रक्कम. वर्षाच्या अहवालातही तीच यादी छापली जाते, मोठ्या रकमेपासून लहानीकडे. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायासमोर ही यादी टिकत नाही, ती बंद करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

दान करताना पुढे कर्णा वाजवू नकोस, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नकोस, असं येशू तिथं सांगतो. वाहवा मिळावी म्हणून देणारे आपलं प्रतिफळ भरून पावले, असंही म्हणतो. ग्रीकमध्ये इथं 'अपेखो' हे क्रियापद आहे. त्या काळच्या पपायरसवरच्या पावत्यांत हाच शब्द सापडतो: रक्कम पूर्ण पोचली, येणं बाकी नाही. लोकांनी मान डोलावली तिथंच हिशेब चुकता झाला, आता पित्याकडे मागायला काही उरलं नाही, इतका रोखठोक अर्थ आहे.

पर्याय अवघड नाही. प्रत्येक कुटुंबाला वर्षाची ५२ पाकिटं द्यायची, पाकिटावर नाव नाही, क्रमांक. क्रमांक कुणाचा हे एकाच नोंदवहीत, आणि ती वही कमिटीनं नेमलेल्या एकाच माणसाकडे. पाळकांकडेही (चर्चच्या धर्मगुरूंकडेही) नाही. जानेवारीत ज्याच्या त्याच्या हाती त्याची वर्षाची बेरीज बंद पाकिटात द्यायची. मंडळीसमोर वाचायची ती एकूण रक्कम.

खतावणी

भाऊ, तुमच्या भावनेला विरोध नाही, पण पैशाच्या बाबतीत गुप्तता कुणाच्या पथ्यावर पडते ते आधी पाहा. यादी वाचली की देणारा जागच्या जागी ताडून बघतो: मी ५०० दिले, वाचले का ५००? ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे, तिला ऑडिटर लागत नाही. ती काढून टाकाल तर तिच्या जागी काय ठेवणार ते आधी सांगा.

प्रेषित पौलानं यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा स्वतःच्या शब्दावर भागवलं नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला, आणि कारण लिहून ठेवलं: एवढ्या मोठ्या रकमेबाबत कुणी दोष लावू नये, प्रभूच्याच दृष्टीनं नव्हे तर माणसांच्या दृष्टीनंही जे योग्य ते आम्ही बघतो (२ करिंथ ८:२०-२१). मत्तय ६ वाचताना हे पान उलटून पुढं जाता येणार नाही.

शिवाय ज्या मंडळीचा ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला आहे, तिला हिशेब तपासून घ्यावाच लागतो. 'डाव्या हाताला माहीत नाही' हे उत्तर लेखापरीक्षकासमोर चालत नाही.

तीळ-तांदूळ

खतावणीभाऊ, तपासणी हवीच. पण यादी वाचणं ही तपासणी अपुरी आहे, कारण ती पावतीवाल्या रकमेपुरतीच चालते. अर्पणाच्या थैलीत पडलेल्या बिननावाच्या नोटेचं काय? गळती होते तर तिथंच होते. त्यासाठी पद्धत ठरलेली आहे:

थैली उपासनेनंतर लगेच, चर्चमध्येच उघडायची. मोजणारे दोघं किमान, एकमेकांचे नातेवाईक नकोत, आणि दर महिन्याला जोडी बदलायची. छापील तक्त्यावर ५०० च्या किती, २०० च्या किती, १०० च्या किती, चिल्लर किती, असं लिहायचं. अक्षरी बेरीज, दोघांच्या सह्या, मग खजिनदाराची. तक्त्याची एक प्रत त्याच दिवशी फलकावर. सोमवारी पूर्ण रक्कम बँकेत.

'पूर्ण' या शब्दावर जोर आहे. घोळ होतो तो इथंच: रविवारचे ४,००० आले, त्यातले ९०० मांडववाल्याला परस्पर दिले, बँकेत ३,१०० भरले. चोरी कुणीच केलेली नाही, पण सहा महिन्यांनी तक्ता आणि पासबुक जुळत नाही, आणि संशय साध्या माणसावर जातो. खर्च करायचा तो बँकेतून काढून, व्हाउचरवर.

एवढं केलं तर नाव न वाचता पै-पैचा हिशेब उघडा राहतो. पौलाचा दाखला पैसे नेणाऱ्यांच्या हिशेबाबद्दल आहे, देणाऱ्यांच्या रकमांबद्दल नाही. मासेदोनियाच्या मंडळ्यांनी ऐपतीपलीकडे दिलं म्हणून तो त्यांची तारीफ करतो, पण कुणी किती दिलं ते सांगत नाही.

जुनी घंटा

मला यादी हवी आहे. कारण हिशेबाचं नाही, माणसांचं आहे.

विदर्भातल्या ख्रिस्ती घराण्यांपैकी कितीतरी अशी, की ज्यांना गावच्या कुठल्याच मानाच्या यादीत जागा नव्हती. पंगतीत नाही, पाणवठ्यावर नाही. पुढं मंडळीत आले, आणि तिथं त्यांचं नाव सगळ्यांसमोर आदरानं घेतलं गेलं: अमुक बाई, वीस रुपये. डॉक्टरांच्या पाच हजारांच्या शेजारी ते वीस रुपये त्याच आवाजात वाचले जातात. तुम्ही कर्णा बंद करायला निघालात, पण त्या बाईचं नावही त्याबरोबर बंद करताय हे ध्यानात घ्या.

आणि येशूनं स्वतः काय केलं? मंदिराच्या भांडारासमोर बसून बघत होता (मार्क १२:४१-४४). विधवेनं दोन लेप्टा (अगदी लहान नाणी) टाकले ते त्यानं शिष्यांना बोलावून दाखवलं, आणि मार्कानं ते रकमेसकट लिहून ठेवलं. दिनार म्हणजे मजुराचा एक रोज, आणि एका दिनाराचे १२८ लेप्टा. म्हणजे रोजाचा चौसष्टावा भाग. आजचा रोज ६४० धरला तर दहा रुपये. ते दहा रुपये दोन हजार वर्षं जगभर वाचले जात आहेत.

मत्तयाच्या त्या अध्यायातल्या वाक्यात 'लोकांनी पाहावे ह्या हेतूने' असं आहे. आक्षेप हेतूवर आहे. त्याच अध्यायात खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना कर असंही आहे, म्हणून आपण रविवारची प्रार्थना बंद केली का?

मोहरीचा दाणा

घंटाभाऊ, मानाचा मुद्दा खरा आहे आणि तो माझ्या मांडणीत आला नव्हता, हे मान्य करतो. पण विधवेची गोष्ट नीट बघा. येशूनं तिचं नाव सांगितलं नाही. श्रीमंतांनी 'पुष्कळ' टाकलं एवढंच मार्कानं म्हटलं, त्यांचे आकडे दिले नाहीत. आणि येशू तिला ऐकू जाईल असं बोलला नाही, शिष्यांना जवळ बोलावून बोलला. आपली यादी नेमकी उलटी चालते.

प्रार्थना चारचौघांत होते, कबूल. पण कोण किती वेळ गुडघ्यावर असतो ते आपण वाचून दाखवत नाही. दानाचं मोजमाप मात्र वाचतो.

मिश्नामध्ये (यहुद्यांच्या जुन्या नियमसंग्रहात) यरुशलेमेच्या मंदिराच्या दोन व्यवस्था नोंदवल्या आहेत (शकालीम ५:६ आणि ६:५). एक, तोंडाशी निमुळत्या अशा कर्ण्याच्या आकाराच्या १३ पेट्या. दुसरी, 'गुप्तांची खोली': पापभीरू लोक तिथं गुपचूप ठेवून जात आणि चांगल्या घरातले गरीब झालेले लोक तिथून गुपचूप घेऊन जात. देणाऱ्याला घेणारा माहीत नाही, घेणाऱ्याला देणारा. आपल्याकडे मदत-निधीतून ज्याला फी किंवा औषधाचे पैसे मिळतात त्याचं नाव अहवालात छापतात, ते तर आजच थांबवायला हवं. यादीच्या वादात ही दुसरी बाजू राहून जाते.

सदर बाजार

कर्णा म्हणून पेटीकडे बोट दाखवताय, पण आजचा कर्णा कुठं आहे ते सांगतो. क्यूआर कोडसोबत साउंडबॉक्स ठेवतात ना, किराणा दुकानात असतो तो. काही ठिकाणी तो अर्पणाच्या टेबलावर येऊन बसलाय. अर्पणाचं गीत चालू असताना मधूनच आवाज येतो, 'दो सौ रुपये प्राप्त हुए'. मागच्या बाकावरचा मान वळवून बघतो मोबाईल कुणाच्या हातात होता ते.

साउंडबॉक्स बंद ठेवणं हे एका बटणाचं काम. पण तेवढ्यानं भागत नाही, यूपीआयनं दिलेल्या रकमेसोबत नाव खात्याच्या विवरणात येतंच. म्हणून कोड कुणाच्या खासगी नंबरवर नको, मंडळीच्या बँक खात्यावर हवा, आणि येणारे संदेश पाळकांच्या फोनवर नकोत. विवरण वहीवाल्यानंच बघायचं.

थाळीबद्दल पण बोलू. पितळी थाळीत नाणं पडलं की टण्ण आवाज होतो, नोट मात्र गुपचूप उघडी पडून राहते, सगळ्यांना दिसेल अशी. म्हणून दहाची नोट घडी करून तळाशी सरकवतात आणि पाचशेची वर राहते. लाकडी मुठीची खोल मखमली थैली वापरली तर हात आत जातो, मूठ आतच उघडते, आणि शेजाऱ्याला कळत नाही मुठीत काय होतं, किंवा काही होतं की नव्हतं. एका थैलीच्या शिलाईत निम्मा वाद मिटतो.

खतावणी

थैली मान्य. तीळ-तांदूळताईंचा तक्ताही मान्य, त्यावर पुढच्या बैठकीत ठराव यावा असं मी म्हणेन.

पण पूर्ण निनावी देण्यावर जाऊ नका. निव्वळ धार्मिक ट्रस्टला निनावी देणगीवर जादा कर नाही, म्हणून रविवारची थैली सुरक्षित आहे. मात्र मंडळीचा ट्रस्ट शाळा किंवा दवाखानाही चालवत असेल आणि देणगी खास त्या शाळेसाठी वा दवाखान्यासाठी दिली असेल, तर निनावीपणा अंगाशी येतो: एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यातली मोठी रक्कम सोडून वरच्या निनावी देणगीवर ३० टक्के कर. म्हणून शाळेच्या खोलीसाठी कुणी जाड पाकीट पेटीत टाकलं तर ते पुण्य अर्धवट राहतं. तिथं नाव-पत्ता-पावती घ्यावी, आणि पावती-पुस्तक कपाटात ठेवावं. नोंद असणं वेगळं, वाचणं वेगळं, एवढं मी आता मान्य करतो.

एक अडचण मात्र अजून आहे. जिथं मतदानाचा हक्क वर्गणीशी जोडलेला आहे तिथं कुणी भरली ते सगळ्यांना कळावंच लागतं, नाहीतर निवडणुकीत भांडण.

तीळ-तांदूळ

मतदार यादीत 'भरली' एवढीच खूण पुरते, आकडा लागत नाही.

पाकिटाच्या क्रमांकाबद्दल मोहरीभाऊंना एक सावधगिरी सांगते. काही दिवसांनी सगळ्यांना पाठ होतं की १७ नंबर कुणाचा. मग फलकावर क्रमांकवार रकमा लावल्या की यादी मागच्या दारानं परत येते. क्रमांक दर जानेवारीत चिठ्ठ्या टाकून बदलावेत, आणि क्रमांकवार काहीच बाहेर लावू नये.

आणि पाळकांना काहीच कळू नये हे मला पटत नाही. नियमित देणाऱ्या घराचं पाकीट दोन महिने आलं नाही, तर नोकरी गेली असेल, आजारपण असेल. वहीवाल्यानं पाळकांना एवढंच म्हणावं, 'त्या घरी एकदा जाऊन या.' रक्कम सांगायची गरज नाही. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा दिल्याबद्दल झापलंय (२:२-४). पाळकांना आकडे माहीत नसले की ती चूक घडायची शक्यताच कमी होते.

घंटाभाऊंच्या त्या बाईसाठी महिला मंडळाची जुनी रीत आहे: मूठभर तांदूळ. दोन्ही वेळच्या स्वयंपाकाआधी एक मूठ वेगळ्या डब्यात. मूठ ४०-५० ग्रॅमची धरली तर महिन्याला अडीच ते तीन किलो. पहिल्या रविवारी सगळ्या जणी एकाच मोठ्या पिंपात ओततात, आणि एकदा ओतलं की कुणाचे किती ते कुणालाच काढता येत नाही. डबा घेऊन पुढं जायचा मान मात्र प्रत्येकीला मिळतो. आत जुने तांदूळ असतात नि नवे असतात, म्हणून पिंपात कडुलिंबाचा पाला घालावा, आणि महिनाभरात वाटून टाकावेत, नाहीतर पोरकिडे होतात.

जुनी घंटा

पिंपाची गोष्ट मला पटली. मग यादीचं असं करा: उपकारस्तुतीच्या दिवशी मंडळीच्या पटावरचं प्रत्येक घर वाचा, अकारविल्हे, रक्कम न सांगता. दिलं असो वा नसो. त्यापुढं 'प्रभूचे आभार' म्हणा. दीडशे घरं वाचायला दहा मिनिटं लागतात, उपदेश तेवढा आखडता घ्या.

भिंतीवरच्या पाट्यांना मात्र हात लावू नका. बाकांवर, पंख्यांच्या पात्यांवर 'यांच्या स्मरणार्थ' असं असतं, ते मेलेल्यांसाठी आहे. नागपूरचे मिशनरी हिस्लॉप साहेब १८६३ साली वारले, त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ चं. त्यांनी ते मागितलं नव्हतं, मागच्यांनी कृतज्ञतेनं दिलं.

सदर बाजार

स्मरणार्थ चालेल. पण जिवंतपणी स्वतःच्या नावाचा पंखा नको, आणि खालच्या 'अर्पण करणार' या ओळीतली अक्षरं वरच्या नावापेक्षा मोठी नकोत. बहुतेक पाट्यांत तसंच असतं.

आता लिलावाचं कुणी बोललं नाही. कापणीच्या सणाला संत्र्यांची टोपली, तुरीच्या शेंगा, भोपळा, गावठी कोंबडा, घरचं लोणचं येतं, ते उपासनेनंतर पुकारतात. एक वार, दोन वार, तीन वार. जिंकणारा भोपळा परत देतो, तो पुन्हा पुकारला जातो, एकच भोपळा चार वेळा विकला जातो. पोरांना मजा येते, निधी जमतो, हे खरं. पण पुकाऱ्यात चढलेली रक्कम सगळ्यांसमोर बोललेली असते, दिलेली नसते. सणाला बोली ३,०००, मार्च उजाडला तरी येणं बाकी. खजिनदार मागायला जातो तेव्हा त्यालाच कानकोंडं होतं, आणि अहवालात ती रक्कम जमेत दाखवायची की येण्यात, यावर दर वर्षी वाद.

खतावणी

येण्यात. वसूल होईपर्यंत जमेत धरायची नाही.

मोहरीचा दाणा

संत्री डझनाच्या ठरलेल्या भावानं टेबलावर ठेवा, शेजारी कुलपाची पेटी. ज्याला जास्त टाकायचे तो टाकेल, कुणाला कळणार नाही. कोंबडा आणि भोपळा पुकारायचाच असेल तर अट एकच: पैसे तिथंच, त्याच वेळी, आणि भोपळा एकदाच.

जुनी घंटा

भोपळा दोनदा तरी राहू द्या. पोरं वाट बघत असतात.