गालावरची निळसर गाठ आणि एमआरआय

भाचीच्या गालावरची गाठ सोनोग्राफीत दिसलीच आहे, मग एमआरआयचा खर्च कशाला, असं एकांनी विचारलंय. डॉपलर सोनोग्राफी (रक्ताचा प्रवाहही दाखवणारी) पहिली तपासणी म्हणून योग्यच. पण गाठ चावण्याच्या स्नायूत, जिभेच्या मुळाशी किंवा डोळ्याच्या खोबणीत किती आत शिरलीय, हे तिच्यात नीट कळत नाही. एमआरआयमध्ये कळतं, तेही क्ष-किरणांशिवाय.

मुलगी 6 वर्षांची आणि वाकली की गाठ फुगते, म्हणजे मला तरी हा व्हीनस मालफॉर्मेशनचा, म्हणजे शिरांच्या जन्मजात सदोष गाठीचा, प्रकार वाटतो. लहान बाळांचा हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची वेगळी, वाढणारी गाठ) जन्मानंतर काही आठवड्यांत दिसू लागतो, पहिल्या वर्षात झपाट्याने वाढतो आणि पुढे आपसूक विरत जातो. त्याच्यावर प्रोप्रॅनोलॉल हे औषध लागू पडतं, शिरांच्या गाठीवर नाही. रिपोर्टांत मात्र सरसकट 'हिमँजिओमा' लिहून मोकळे होतात!

एमआरआयच्या टी-2 नावाच्या, चरबीचा सिग्नल दाबून घेतलेल्या चित्रात शिरांची गाठ पांढरीफटक दिसते. मधेच गोल काळे ठिपके असले तर ते बहुधा साकळलेल्या रक्ताचे खडे, आणि मग निदान जवळजवळ पक्कंच. धमनी थेट शिरेला जोडली गेली असेल तर काळ्या, नागमोडी नळ्या दिसतात, कारण वेगाने वाहणाऱ्या रक्ताचा सिग्नल येतच नाही. अशा गाठीचा तुकडा काढायला गेलं तर रक्तस्राव आवरत नाही.

तेव्हा गाठीतला रक्ताचा प्रवाह मंद की वेगवान, हे रिपोर्टमध्ये लिहून मागा. आणि मुलगी अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहील का, हे आधीच सांगा. नाहीतर गुंगी द्यावी लागते, म्हणजे उपाशीपोटी न्यावं लागेल.