बूट कोडमधला 'अर्ली': लवकरचा, सुरुवातीचा की अगोदरचा?

प्रश्न: लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) बूट कोडवर, म्हणजे मशीन सुरू होताना चालणाऱ्या कोडवर, मराठीत नोट्स लिहायला घेतल्यात आणि 'अर्ली' या शब्दाशी अडलोय. अर्ली बूट, अर्लीप्रिंटके, अर्ली आयओरीमॅप, जिथे बघावं तिथे हा आहेच. 'लवकरचा कोड' लिहिलं तर हसू येतं, 'प्रारंभिक' लिहिलं तर परिपत्रक वाटतं. तुम्ही काय वापरता?

— बोलताना अर्लीच. पण लिहायचंच असेल तर 'लवकर' नकोच, इथे घड्याळाचा संबंध नाही. एखादी नेहमीची सोय अजून उभी राहिलेली नसताना जे चालतं ते अर्ली. लिनक्समध्ये नेहमीचा मेमरी अ‍ॅलोकेटर (मेमरी वाटून देणारा कोड) तयार होईपर्यंत मेमब्लॉक या तात्पुरत्या सोयीवर भागवायचं, संदेश छापणारा खरा कन्सोल येईपर्यंत अर्लीकॉन या तात्पुरत्या कन्सोलवर, म्हणजे प्रत्येकाचा अर्ली वेगळ्या ठिकाणी संपतो.

— मग 'सुरुवातीचा' काय वाईट? सोपा आहे की.

— सुरुवात एकच असती तर चाललं असतं हो. जुन्या बायोसमध्ये (मशीन चालू होताच धावणाऱ्या फर्मवेअरमध्ये) आधी ५१२ बाइटचा एक सेक्टर मेमरीत येतो, प्रोसेसर १६ बिट रिअल मोडमध्ये, मग ३२ बिट प्रोटेक्टेड मोड, मग ६४ बिट लाँग मोड, त्यात कर्नल कॉम्प्रेस केलेला म्हणून तो उलगडणारा कोड वेगळा, आणि या सगळ्यालाच लोक अर्ली म्हणतात. मी 'अगोदरचा' लिहितो, कारण वाचणारा लगेच विचारतो, कशाच्या अगोदर? मेंटेन करणाऱ्यालाही तेच आधी बघावं लागतं. बीएसएस (सुरुवातीची किंमत न दिलेल्या ग्लोबल व्हेरिएबलची जागा) साफ व्हायच्या अगोदर असेल तर ग्लोबल व्हेरिएबल शून्य आहे असं धरून चालत नाही. एक्स८६-६४ वर (६४ बिट इंटेल-एएमडी प्रोसेसरवर) कर्नल लिंक होतो वरच्या व्हर्च्युअल पत्त्यासाठी आणि पहिला कोड चालतो खालच्याच पत्त्यावर, तिथे सी मधला साधा पॉइंटरसुद्धा दगा देतो, आणि फॉल्ट पकडायला तोवर कोणी नसेल तर ट्रिपल फॉल्ट (फॉल्ट हाताळतानाच पुन्हा फॉल्ट) होऊन मशीन सरळ रिसेट, एक ओळ छापून येत नाही. असले बग शोधणं म्हणजे नुसता वैताग.

— अर्ली आणि इनिट एकच ना पण?

— नाही नाही. इनिट म्हणजे बूट झाल्यावर फेकून द्यायचा कोड, लॉगमध्ये 'फ्रीइंग अनयूज्ड कर्नल' अशी ओळ दिसते ती त्याचीच. नंतर चालणाऱ्या कोडमधून त्याला कॉल केलात तर बिल्डच्या वेळी मॉडपोस्ट हे तपासणी करणारं टूल 'सेक्शन मिसमॅच' म्हणून ओरडतं. अर्ली कोड बहुतेक वेळा इनिटही असतो, पण इनिट असलेलं सगळं काही अर्ली नसतं.

— शब्दांचं चाललंच आहे तर, बीझेडइमेज या कॉम्प्रेस केलेल्या कर्नल फाइलच्या नावातला 'बी' बीझिप या कॉम्प्रेशनचा नाही, 'बिग'चा. झेडइमेज खालच्या मेमरीत मावेना म्हणून १ एमबीच्या वर लोड होणारी मोठी आवृत्ती काढली. भले भले चुकतात.

प्रश्नकर्ता: 'अगोदरचा' पटलं, पण 'अगोदरचा बूट कोड' वाचून मागच्या व्हर्जनचा जुना कोड असं नाही का वाटणार?

— वाटेल, बरोबर आहे. मग 'पूर्व' जोडा, स्वातंत्र्यपूर्व म्हणतो तसं. पेजिंगपूर्व (व्हर्च्युअल पत्त्यांची सोय सुरू होण्याअगोदरचा) कोड, कन्सोलपूर्व लॉग. कशाच्या अगोदर तेही त्यातच आलं. फक्त फंक्शनच्या आणि पॅरामीटरच्या नावातला अर्ली तसाच ठेवा, नाहीतर उद्या सोर्समध्ये शोधायला गेलात तर काही सापडणार नाही.